पाल्यावरचे मांगूर

हौसाबाईला माशांतलं कळतं, हे हेदवण गावात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. बांगडा आजचा की कालचा, हे ती कल्ला न उचलता सांगे. मोरीच्या कालवणात तिरफळं किती घालायची, पेडवे कुठल्या महिन्यात घ्यायचे नाहीत, खारवलेल्या सुरमईला अळी का लागते, सगळं हौसाबाईला विचारावं. तिचं माहेर तोंडवलीचं. मागचं दार उघडलं की समुद्र. तिथून ती लग्न होऊन सड्याच्या पायथ्याला, या भातशेतीच्या गावात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने ओळखलं, की इथले लोक मासे खातात, पण त्यांना माशांचं काही कळत नाही. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं गावात कुणाच्याही टोपलीतला मासा तिच्या नाकाखालून गेल्याशिवाय चुलीवर चढत नव्हता. त्याचं तिला भारी वाटायचं, आणि का वाटू नये? दुसरं होतं काय तिच्याकडे? नवरा गणपत मुंबईत गिरणीत, वर्षातून एकदा गणपतीला यायचा आणि आठ दिवस झोपा काढून परत जायचा. मूलबाळ नाही. गावात जो काही मान होता तो या माशांच्या जाणकारीचा.

आणि तिची धाकटी जाव सुगंधा? ती घाटाच्या पायथ्याची. तिच्या माहेरी मासा म्हणजे पावसाळ्यात शेताच्या बांधावर सापडेल तो. लग्न होऊन आली तेव्हा तिने सौंदाळ्याची खवलं न काढताच कालवण केलं होतं. हौसाबाईने ही गजाल दहा वर्षं गावभर पुरवून पुरवून सांगितली, आणि सुगंधा दर वेळी समोर बसून हसायची. हसायची, हाच तिचा मोठा अपराध. माणसाने चिडावं तरी! सुगंधाचा नवरा सत्यवान बोटीवर होता. दोघी जावांच्या चुली वेगळ्या, पण अंगण एक, विहीर एक आणि परसदारी आजेसासऱ्याच्या वेळच्या चिऱ्याच्या दोन खाणी. चिरे काढून झाले, खड्डे राहिले, त्यांत पाणी साठलं. एक हौसाबाईच्या वाट्याची, एक सुगंधाच्या.

एकसष्ट सालच्या श्रावणात तालुक्याचे मच्छीसाहेब पत्र्याचे दोन डबे घेऊन बैलगाडीतून आले. डब्यांत बोटाएवढे काळे, मिशांचे मासे वळवळत होते. साहेबांनी देवळासमोर गाव जमवून सांगितलं, "हा मांगूर. गोड्या पाण्यातला, खवलं नसलेला, औषधी मासा. थोड्या पाण्यात जगतो, चिखलात जगतो, हवेतसुद्धा श्वास घेतो. याला भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड घाला, चार-पाच महिन्यांत वितीएवढा होतो. फक्त उपाशी ठेवू नका. उपाशी मांगूर भावाला भाऊ म्हणत नाही, फाडून खातो."

कुणाकडे बारमाही पाणी आहे, असं विचारल्यावर जावांच्या खाणी निघाल्या. एकेक डबा दोघींना मिळाला. मग गावकर दाजी, जे देवळात गाऱ्हाणं घालायचे आणि ज्यांचा शब्द गावात शेवटचा, ते उठून म्हणाले, "मार्गशीर्षात गावपळण जातली. ती झाली की साहेबांक परत बोलवया. जिचे माशे बरे, तिच्या हातात गावकीचा तळा." गावकीचं तळं म्हणजे सड्याखालचं केवढं तरी मोठं पाणी, वर्षाचे आठ महिने नुसतं म्हशी बसायला ठेवलेलं. ज्याच्या हातात ते तळं, त्याच्याकडे सारा गाव मासे मागायला येणार. हौसाबाईने मनात म्हटलं, ह्यात बघायचं काय? आत्ताच द्या नारळ माझ्या हातात.

पेंड मालवणच्या बाजारातून आणायची, ती महाग. कोंडा घरचा. हौसाबाईने पेंडीचा विचारही केला नाही. मासा मासा खातो, हे शेंबडं पोरही सांगेल. माहेरून सुकटीची दोन पोती मागवली, कुटून कोंड्यात कालवली आणि सकाळ-संध्याकाळ खाणीत टाकू लागली. मांगूर उड्या मारून यायचे. शेजारच्या राधाबाईला हाताला धरून नेऊन तिने ते दाखवलं.

आणि सुगंधाने काय करावं? गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी करून उरलेला पाला तिने फेकला नाही. शेवग्याच्या आणखी चार फांद्या तोडल्या, पानं ओरबाडली आणि चुलीवरच्या माळ्यावर पसरली. पावसाचे दिवस, ऊन कुठलं! चुलीच्या धगीवर पानं चार दिवसांत कडकडीत झाली, पण हिरवीच्या हिरवी. मग उखळात कुटली, चाळणीतून चाळली, कोंड्यात मिसळली, पेजेत मळून लाडू वळले आणि खाणीच्या काठाशी जाऊन बसली.

हौसाबाई मधल्या दगडी गडग्यावरून बघत होती. "गो सुगंधा, ह्या काय?"

"शेगलाचो पालो, वयनी. आमच्याकडे उन्हाळ्यात म्हशीच्या आंबोणात घालतत. दूध वाढता."

"आगो, पण तू म्हशीक घालतंस काय माशाक? माशे काय शेळये, पालो खावक?"

राधाबाई फिदीफिदी हसली. संध्याकाळपर्यंत गावात झालं, सुगंधाचे मासे चरायला सोडलेत म्हणून. आणि देवानं ऐकलं बघा! सुगंधाच्या माशांनी त्या लाडवांना तोंड लावलं नाही. लाडू तसेच तळाला बसले, पाणी हिरवं झालं. त्या आठवड्यात हौसाबाईला जेवण गोड लागलं. रात्री पाठ टेकली की झोप. नारळ खवताना ती गुणगुणायलासुद्धा लागली.

आठव्या दिवशी गुणगुणणं थांबलं. सुगंधाने डोकं चालवलं होतं. पाला कडू लागत असेल, असं तिच्या मनात आलं. मग ती पानं वाळवायच्या आधी गरम पाण्यातून काढू लागली आणि ते पहिलं पाणी ओतून देऊ लागली. सुरुवातीला चिमूटभर पाला आणि बाकी कोंडा, मग हळूहळू पाला वाढवत नेला. मासे खायला लागले. नुसते खायला लागले नाहीत, तर तिची बांगडी वाजली की काठाशी गोळा व्हायला लागले.

ही बांगडी हौसाबाईच्या कानात घुसली ती घुसलीच.

भाद्रपद लागला. तोंडवलीची सुकट संपली. पावसाळ्यात नवी सुकट कुठली? होड्या वर ओढलेल्या. भावाने निरोप धाडला, नारळी पौर्णिमा झाली, पण समुद्र अजून शांत नाही, थोडी कळ काढ. आता हिने मुकाट्याने कोंडा आणि पाला घालावा की नाही? पण नाही! 'पाला' हा शब्द जिभेवर आला की मरण. त्यापेक्षा तिने माळ्यावरच्या मडक्यातली खाऱ्या बांगड्यांची डोकी काढली, कुटली आणि घातली. तोंडवलीची लेक, बाईसाहेब, आणि गोड्या पाण्यातल्या माशांना मीठ चारते! तिचं तिलाही कळत होतं. मासे खायचे, आणि मग दिवसभर तळाशी गप्प पडायचे. अंगाने वाढेनात. डोकी तेवढी मोठी, आणि खाली शेपटीपर्यंत दोरी.

मत्सर कसा असतो, हे ज्याने केलाय त्यालाच कळतं. पोटात दुखत नाही, डोकं दुखत नाही, आणि तरी माणूस आजारी. हौसाबाई पहाटे उठली की आधी परसदारी जायची, स्वतःच्या खाणीकडे नाही, सुगंधाच्या. पाण्यावर एक जरी मेलेला मांगूर दिसला असता तरी तिने त्या दिवशी देवाला साखर ठेवली असती. दिसायचा नाही. मग ती घरात येऊन भांडी आपटायची. सुगंधा माळ्यावर पाला उलटा-पालटा करायला चढली की इकडे भिंतीपलीकडे हिला शिडीची कुरकुर ऐकू यायची, आणि वाटायचं, मोड गो बाये, मोडून पड.

आश्विनात साहेब पाहणीला आले. त्यांनी सुगंधाच्या खाणीत जाळं टाकलं, आणि वर आले ते काळे, तुकतुकीत, तळहाताच्या वर गेलेले मासे. साहेबांनी पाल्याची भुकटी चिमटीत घेतली, वास घेतला, चक्क जिभेवर टाकून बघितली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, वहिनी?"

"कोणी नाही, साहेब." सुगंधा साहेबांपुढे जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायची. "पेंड परवडत नाही. शेवगा कुंपणालाच आहे."

"कुंपणालाच आहे!" साहेब आपल्या शिपायाकडे वळून म्हणाले. "ऐकलंस? आपण इतकी वर्षं पेंड पेंड करतोय." आणि त्यांनी वही काढून सगळं लिहून घेतलं. पाणी किती गरम, पाला किती, कोंडा किती. सुगंधा सांगत होती आणि साहेब लिहीत होते. साहेब! लिहीत होते! हौसाबाई पदराचं टोक दातात धरून उभी होती. नंतर साहेब तिच्या खाणीवर आले, जाळं टाकलं, बघितलं आणि म्हणाले, "जरा बारीक आहेत. वहिनींना विचारून बघा, पाला कसा घालतात ते."

वहिनींना विचारून बघा! त्या दिवशी हौसाबाईचा भात करपला. राधाबाई मुद्दाम येऊन म्हणाली, "साहेब म्हणतत ता खरा गो. शिकाक लाज कसली?" हौसाबाईने तिला उंबऱ्याबाहेर काढून दार लावलं. त्यानंतर गावातल्या दोन बायका मासे घेऊन आल्या, आणि हौसाबाईने बघण्याआधीच त्यातली एक सहज बोलून गेली, "सुगंधाक दाखयलंय वाटेत, ती म्हणता ताजे आसत." ती बाई गेल्यावर हौसाबाईने पाट्यावरचं वाटण अर्धवटच टाकलं. सौंदाळ्याची खवलं न काढणारी ती!

मार्गशीर्ष आला. भातं घरात आली. देवाचा कौल झाला आणि गावपळणीचा दिवस ठरला. आमच्याकडच्या तीन-चार गावांत ही रीत आहे, हेदवणात तशीच होती. तीन-चार वर्षांतून एकदा देव सांगतो, आणि सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबडी, कुत्री-मांजरंसुद्धा. गावात श्वास घेणारं काही ठेवायचं नाही. गाव रिकामा करून देवाच्या हवाली करायचा.

देवळात बैठक बसली तेव्हा कुणीतरी विचारलं, "आणि माशे?"

हा प्रश्न याआधी कधी पडलाच नव्हता. विहिरीतले बेडूक कुणी मोजले नव्हते. पण मांगूर माणसाने आणलेले, माणसाने पोसलेले. मग ते गुरांत धरायचे की बेडकांत? यावर दोन तास वाद झाला. एक म्हातारा म्हणाला, हे हवेत श्वास घेतात, म्हणजे कोंबडीतच जमा. शेवटी दाजींनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, पाण्यातला पाण्यात रवांदे, तुझी राखण आसांदे," आणि सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. मासे राहतील, पण तीन दिवस त्यांना खायला घालायला कुणी वेस ओलांडायची नाही.

सुगंधाने तोड काढली. बांबूची विरळ विणीची टोपली घेतली, नाचणीच्या पिठात पाला घट्ट मळून, वाफवून त्याचे नारळाएवढे गोळे केले, टोपलीत भरले, तोंड शिवून टाकलं आणि काथ्याच्या दोरीने खाणीत सोडली. मासे बाहेरून कुरतडत राहतील, गोळा तीन दिवस विरघळत राहील. हौसाबाईने हे सगळं गडग्यामागून पाहिलं. तिच्याकडे नवी सुकट आली होती. ती काय करणार? जाताना सगळीच्या सगळी एकदम ओतणार. पहिल्या दिवशी खातील, दुसऱ्या दिवशी कुजेल, तिसऱ्या दिवशी एकमेकांची शेपटं धरतील. तिला हे स्पष्ट दिसत होतं. सुगंधाला एक शब्द विचारला असता तर तिने दुसरी टोपली विणून दिली असती, हेही स्पष्ट दिसत होतं. आणि म्हणूनच ती विचारणार नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी ढोल वाजला. गाड्या जुंपल्या, कोंबड्या डालग्यांत कोंबल्या, दारं लागली. सगळे वेशीकडे चालू लागले. सुगंधा म्हशीचं दावं धरून पुढे गेली होती. मारुतीच्या घुमटीपाशी हौसाबाई थांबली. "माझी पानाची पिशवी रवली गो," ती राधाबाईला म्हणाली आणि मागे फिरली.

परसदारी कोणी नव्हतं. सुगंधाच्या खाणीवर ती वाकली, दोरी ओढली. टोपली जड होती, पाणी निथळत वर आली. चार मांगूर टोपलीला तोंडं लावूनच वर आले आणि टपटप पाण्यात पडले. हौसाबाईने दोरीची गाठ सोडली, टोपली उचलली, शेणाच्या गायरीवर नेली आणि खतात खोल दाबून टाकली. वर शेण ओढलं. हात धुतले. दोरी तशीच ठेवली, पाण्यात सोडून. आता सांगते, खोटं कशाला बोला, तिला त्या क्षणी अजिबात वाईट वाटलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरला असं वाटलं. मेली बांगड्या वाजवते! वाजव आता. पिशवी कनवटीला लावून ती झपाझप वेशीकडे गेली आणि माणसांत मिसळली.

नदीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी पडल्या होत्या. गावपळण म्हणजे दुःखाची गोष्ट नव्हे. तीन दिवस कामधंदा नाही, सगळी एका जागी, फुगड्या काय, भजनं काय, एकमेकांच्या हातचं खाणं काय. दोघी जावांची खोप एकच, कारण घर एक. हौसाबाईला सुगंधाशेजारी निजावं लागलं, तिच्या हातची भाकरी खावी लागली. ती भाकरी बरी होती. तेही तिच्या मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुगंधा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "वयनी, तुमचे माशे बरे आसतले. जिवाक लावन घेव नकात."

हौसाबाईने मान वर केली. हिने असं का म्हणावं? चेष्टा करते काय? "तुझे बघ," ती म्हणाली.

"माझ्यांची काळजी नाय. टोपली आसा."

हौसाबाईने तोंड फिरवलं. आतल्या आत हसू आलं आणि त्याच्या मागोमाग काहीतरी बारीक टोचलं. त्या टोचणीकडे तिने लक्ष दिलं नाही. तिचं सगळं लक्ष चौथ्या दिवसाच्या उजेडाकडे लागलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी देवाने कौल दिला आणि गाव परत फिरलं. गावात शिरताना पाय आपोआप हळू पडतात. तीन दिवस झाडलोट नाही, चूल नाही, सगळं परकं वाटतं. सुगंधा म्हैस बांधायला गोठ्यात गेली, तेवढ्यात हौसाबाई परसदारी धावली. आधी सुगंधाच्या खाणीवर. पाण्यावर दोन मेलेले तरंगत होते, पोट फाडलेले. खाली हालचाल दिसत होती, पण थोडी. काठाशी एक आला तो शेपटाशिवाय. झालं! झालं म्हणायचं!

मग ती आपल्या खाणीवर आली. इथेही तेच असणार, अशी तिची खात्री होती. आपलंही गेलं तर गेलं, दोघींचं गेलं की कुणाचं मोठं नाही. पण तिच्या खाणीत पाणी सळसळत होतं. काळेभोर मासे, धडधाकट, काठावरच्या केवड्याच्या मुळांशी गर्दी करून. गर्दी कशाला करतात म्हणून ती खाली वाकली. केवड्याच्या मुळाला काथ्याची दोरी बांधलेली होती. तिने ती बांधली नव्हती. तिने ओढली.

टोपली. तीच विरळ वीण, तेच शिवलेलं तोंड. आत तळाला हिरवा गाळ, थोडासा उरलेला.

आता तुम्ही म्हणाल, तिला भडभडून आलं, पश्चात्ताप झाला. काही नाही झालं तसं! पहिली जी गोष्ट तिच्या मनात आली ती ही, की मेली हिथंय पुढे! माशांत पुढे, साहेबांपुढे पुढे, आता चांगुलपणातही पुढे. आपल्याला न सांगता, न मिरवता, चोरून चांगुलपणा करते! मी चोरून तिचं काढते आणि ती चोरून मला घालते! हौसाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. खाऱ्या बांगड्यांची लाज, वहीत लिहिलेलं साहेबांचं अक्षर, हे सगळं एका बाजूला, आणि ही ओली टोपली एका बाजूला. याच्यासारखं काहीच बोचलं नव्हतं. ती टोपली तिने केवड्यात कोंबली आणि घरात जाऊन पडली.

तिच्या कानावर परसदारची हाक आली. सुगंधाची. हाक म्हणजे काय, नुसता "आवशी गो!" एवढाच शब्द.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, दाजी आले, गाव आलं. सुगंधाच्या खाणीतून निघाले ते अर्ध्यावर, आणि त्यातले बरेच लांडे. सुगंधा रिकामी दोरी हातात घेऊन उभी होती. "सुटली आसतली," ती साहेबांना म्हणाली, "माझीच गाठ ढिली." साहेब हळहळले. हौसाबाईच्या खाणीत जाळं पडलं आणि मासेच मासे. मोठे नव्हते, पण धड होते, एकाचंही शेपूट तुटलेलं नव्हतं, आणि त्यात एक तर मनगटाएवढा जाड, सगळ्यांचा बाप.

"तोंडवलीची ती तोंडवलीची," कुणीतरी म्हणालं. राधाबाईने लगेच मान हलवली. दाजींनी नारळ पुढे केला. "हौसाबाय, तळा तुझा. घे."

हौसाबाईने हात पुढे केले. तिला हवं होतं ते सगळं होतं. गाव बघत होतं, साहेब बघत होते. आणि सुगंधाही बघत होती, आपल्या टोपलीबद्दल एक अक्षर न बोलता. बोलणार नाही ही! जन्मभर बोलणार नाही! जन्मभर गडग्यापलीकडे हिचा चांगुलपणा, आणि इकडे आपण त्याच्यावर मोठ्या झालेल्या. हे हौसाबाईला सहन होईना. जीव गेला तरी चालेल, पण या बाईला एकटीला वर बसू द्यायचं नाही.

"तिची गाठ ढिली नव्हती," ती ओरडली. "मीच काडलंय तिची टोपली! गायरीत पुरलंय! आणि माझ्या खणीत तिनाच टोपली घातल्यान, माका सांगल्याशिवाय! देवा तिका तळा. घेवंदे तिका! चांगली आसा ना ती? घेवंदे!"

दाजींचा नारळ हवेतच राहिला. साहेबांनी चष्मा काढला. सुगंधाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. गावाने तिला चिडलेली कधी पाहिली नव्हती.

"चांगली?" ती पुढे आली. "तुमच्यासाटी घातलंय असा वाटला तुमका? तुमचे माशे मेले आसते तर तुमी गाव गोळा केला आसता, 'हिच्या पाल्याचा पाणी पाझारला आणि माझे माशे मेले' म्हणान! त्या भयान निघायच्या आदल्या राती घातलंय मी. दहा वर्सा सौंदाळ्याची गजाल आयकतंय. तुमका मी वळखतंय, वयनी. नाव ठेवशात, बोंब मारशात, सगळा म्हायत होता माका." तिचा आवाज फुटला. "पण मुक्या जिवांच्या तोंडातला काडशात, ह्या नाय वाटला. इतक्या वायट मी तुमका कधी धरूकच नाय."

ती दोरी टाकून घरात निघून गेली. दाजींनी नारळ तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला आणि माणसं एकेक करून पांगली. राधाबाईसुद्धा काही न बोलता गेली, यावरून काय ते समजा.

हौसाबाई काठावर बसून राहिली. सुगंधा देवमाणूस नाही, हे ऐकायला तिने चार महिने कान टवकारले होते. आज ऐकलं. चांगुलपणा नव्हताच तो, भीती होती. म्हणजे हिशेबाने हौसाबाईला बरं वाटायला हवं होतं. पण सुगंधाने तिला जेवढी वाईट धरली होती, त्याहूनही ती खाली निघाली, हे त्याच तोंडाने ऐकावं लागलं होतं. आता हेवा करायचा तर कुणाचा आणि कशाच्या जोरावर?

दुपार कलली तशी ती उठली. पदर खोचला, घागर घेतली आणि आपल्या खाणीत गुडघाभर उतरली. मांगुराच्या कल्ल्याशी काटा असतो, तो लागला की हात ठणकतो. तोंडवलीच्या लेकीला हे सांगावं लागत नाही, पण तिने फडकं गुंडाळलं नाही. एकेक मासा पकडून घागरीत टाकला, घागर सुगंधाच्या खाणीत रिती केली, पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला सुगंधा मागल्या दारात येऊन उभी राहिली. पाचव्या खेपेला म्हणाली, "पाणी जास्त घेवा घागरीत. गुदमारतले."

हौसाबाईने पाणी जास्त घेतलं. हात सुजून लाल झाले होते. सूर्य माडांच्या खाली गेला तेव्हा तिने घागर उपडी केली, काठावर ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. खाण रिकामी दिसत होती. फक्त केवड्याच्या मुळाशी एकदा पाणी हललं.

सुगंधा गडग्यापाशी येऊन वाकली. "आणि तो मोठो?"

"तो रवांदे," हौसाबाई म्हणाली. "तो मी दिवचंय नाय."